पत्र कोणाला लिहिलंय?

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी अकरावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. विषयाचं पूर्ण नाव 'एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन', मुलांच्या तोंडी नुसतं 'एपी लँग'. अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा, पण हायस्कूलमध्येच घ्यायचा. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा होते, एक ते पाच अशी श्रेणी मिळते, आणि चांगली श्रेणी आली तर पुष्कळ कॉलेजांत लेखनाचा एखादा सक्तीचा कोर्स माफ होतो. यात कथा-कवितांना फारसं स्थान नाही. वाचायची ती भाषणं, पत्रं, अग्रलेख, निबंध, आत्मचरित्रातले उतारे. दुसऱ्याने आपलं म्हणणं कसं मांडलं ते उलगडून दाखवायचं आणि मग स्वतःचं म्हणणं मांडायचं, एवढ्या दोन गोष्टींवर आमचं सगळं वर्ष उभं असतं.

परीक्षा सव्वातीन तासांची. पहिल्या तासात ४५ बहुपर्यायी प्रश्न, उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध. पहिला निबंध सोबत दिलेल्या स्रोतांच्या आधाराने लिहायचा, दुसऱ्यात एका उताऱ्याचं रेटरिकल ॲनालिसिस करायचं, आणि तिसऱ्यात एका विधानावर स्वतःची बाजू मांडायची. तिसऱ्याला हाताशी काहीही दिलेलं नसतं. डोक्यात असेल तेवढंच भांडवल. प्रत्येक निबंधाला सहा गुण. त्यातला एक थीसिसला, चार पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, आणि शेवटचा एक विचारातल्या परिपक्वतेला. या शेवटच्या गुणासाठी मुलं फार धडपडतात, जड शब्द पेरतात, आणि तो बहुतेकांच्या हाती लागत नाही. खरं काम मधल्या चार गुणांचं असतं, आणि मुलं अडतात तीही तिथेच.

मी सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. 'खालील ओळीतील अलंकार ओळखा' हा प्रश्न आम्हाला हमखास गुण देणारा वाटायचा. उपमा असेल तर 'सारखा', 'जणू' शोधायचं, अनुप्रास असेल तर अक्षर मोजायचं, नाव लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. कवीला तिथे उपमाच का हवीशी वाटली असेल, हे कोणी विचारलं नाही. अमेरिकेत शिकवायला लागल्यावर तोच प्रकार नव्या नावांनी समोर आला. ॲनाफोरा, अँटिथेसिस, ज्युक्स्टापोझिशन अशा नावांची यादी मुलांना तोंडपाठ असते. जोडीला ॲरिस्टॉटलचं त्रिकूट, ईथॉस, पॅथॉस आणि लोगॉस, म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, भावना आणि तर्क. मग निबंधात वाक्य येतं, 'लेखक पॅथॉस वापरून वाचकांच्या भावनांना हात घालतो.' या वाक्यात चूक काढता येत नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. लिंकनच्या भाषणाला ते जितकं लागू, तितकंच साबणाच्या जाहिरातीलाही. मी मुलांना एक कसोटी दिली आहे. वाक्यातलं लेखकाचं नाव बदलून पाहा. तरीही वाक्य तसंच उभं राहत असेल तर ते खोडा.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीचे काही आठवडे माझ्या वर्गात या नावांना बंदी असते. फक्त क्रियापदं चालतात. लेखक इथे काय करतोय? आठवण करून देतोय, लाजवतोय, कबूल करतोय, सबुरी मागतोय, दार उघडं ठेवतोय? आणि हे तो कोणाबरोबर करतोय? हा दुसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षं हा विषय शिकवून माझी खात्री झाली आहे, की विश्लेषण काय किंवा वादलेखन काय, दोन्हींचं मूळ ऐकणाऱ्या माणसात आहे. तो माणूस विद्यार्थ्याला दिसला नाही, तर नावांची कितीही मोठी यादी पाठ करून उपयोग होत नाही.

हे शिकवायला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बर्मिंगहॅम तुरुंगातल्या पत्राइतका चांगला मजकूर मला दुसरा सापडलेला नाही. बहुतेक वर्गांत ते पत्र थेट हातात दिलं जातं. मी आधी दुसराच कागद देते. १२ एप्रिल १९६३ रोजी अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढलं होतं. त्याच दिवशी, गुड फ्रायडेला, किंग यांना अटक झाली. निवेदनाची भाषा अत्यंत सभ्य आहे. निदर्शनं अविचाराची आहेत, त्यांची ही वेळ नव्हे, बाहेरच्यांनी यात पडू नये, प्रश्न न्यायालयात आणि स्थानिक लोकांच्या बोलण्यातून सोडवावेत, पोलिसांनी संयम दाखवला त्याबद्दल त्यांचं कौतुक, असा सगळा सूर. मुलं वाचतात आणि त्यांतली बरीचशी म्हणतात, की यात वावगं काय आहे? मला हेच हवं असतं. किंग यांना गुंडांना उत्तर द्यायचं नव्हतं. समंजस दिसणाऱ्या, भल्या माणसांना उत्तर द्यायचं होतं, आणि ते काम फार अवघड आहे हे मुलांच्या लक्षात यायला हवं.

मग किंग यांचं पत्र, तारीख १६ एप्रिल. वर्तमानपत्राच्या समासांत, मिळतील त्या कागदांवर त्यांनी ते लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत ते त्या आठ जणांना आपले व्यवसायबंधू मानून हाक मारतात. मी फळ्यावर आठ जणांचे पंथ लिहिते. एपिस्कोपल, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, एक कॅथलिक बिशप आणि एक ज्यू रब्बाय. मग मुलांना सांगते, पत्रात किंग कोणाकोणाचा दाखला देतात ते शोधून काढा. अन्यायी कायदा म्हणजे काय हे सांगताना ते सेंट थॉमस ॲक्वायनस, मार्टिन बूबर आणि पॉल टिलिक यांना एकामागोमाग एक बोलावतात. एका मुलीने दोन्ही याद्या बराच वेळ समोरासमोर ठेवून पाहिल्या आणि म्हणाली, कॅथलिक बिशपसाठी ॲक्वायनस, रब्बायसाठी बूबर, बाकीच्यांसाठी टिलिक. प्रत्येकाला त्याच्याच घरातला साक्षीदार आणून दिलाय. त्या क्षणापर्यंत तिच्या वहीत 'किंग ईथॉस वापरतात' एवढंच होतं. तिने ते खोडलं आणि पान भरून लिहिलं. ते लिखाण तिचं स्वतःचं होतं.

याच पत्रात एक तीनशेहून जास्त शब्दांचं वाक्य आहे. थांबा, धीर धरा, असं सांगणाऱ्यांना उद्देशून ते लिहिलंय. अर्धविरामामागून अर्धविराम येतात, प्रत्येक तुकड्यात नवा अपमान, नवी भीती. मधेच सहा वर्षांची मुलगी येते, जिला मनोरंजनाच्या बागेची जाहिरात टीव्हीवर दिसते आणि तिथे आपल्यासारख्यांना प्रवेश नाही हे बापाला तिला सांगावं लागतं. हे वाक्य मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. वाचणाऱ्याचा श्वास अपुरा पडतो, ऐकणारे पूर्णविरामाची वाट पाहू लागतात. तेव्हा विचारायचं, आठ धर्मगुरूंना किंग यांनी इथे काय करायला लावलं? उत्तर मला कधी द्यावं लागलेलं नाही.

यानंतर गांधीजी. २०१९ सालच्या परीक्षेत विश्लेषणाच्या प्रश्नाला गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग आला होता. आता तो सरावासाठी वापरता येतो; मी मात्र अख्खं पत्र देते. आमच्या भागात भारतीय वंशाची मुलं बरीच आहेत, त्यांत मराठी घरांतलीही. या पत्रावर त्यांचे निबंध सगळ्यांत कच्चे येतात, आणि कारण उघड आहे. गांधीजी त्यांना आधीच माहीत असतात. आजीकडून, चित्रपटातून, घरातल्या वादांतून. मग निबंधाची आरती तरी होते, नाहीतर आजकाल उलट बाजूने आरोपपत्र. पत्र बाजूलाच राहतं.

त्यांना मी आधी गणित घालते. गांधीजी व्हाइसरॉयला त्याच्याच पगाराचा हिशेब मांडून दाखवतात. महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर. आणि सामान्य हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. आणे म्हणजे काय ते मुलांना सांगावं लागतं. रुपयाचे सोळा आणे हे कळल्यावर ती स्वतः भागाकार करतात आणि पाच हजार पटींच्या वरचा आकडा फळ्यावर येतो, जो पत्रातही आहे. इतकं टोकाचं बोलून झाल्यावर गांधीजी पुढे काय करतात ते पाहा, असं मी म्हणते. ते लिहितात, की तुम्हाला या पगाराची गरज नाही हे मी जाणतो, तो बहुधा सगळा दानधर्मातच जात असेल. पण अशी सोय करणारी व्यवस्था मोडीतच काढायला हवी. आकड्याची धार व्यवस्थेकडे वळवली आणि माणसाला अलगद बाजूला काढलं. आयर्विन धार्मिक वृत्तीचा गृहस्थ होता. त्याला मित्र म्हणून हाक मारायची, इंग्रज राज्य हा शाप आहे असं तोंडावर सांगायचं, आणि तरीही एकाही इंग्रजाच्या केसाला धक्का लावणार नाही अशी हमी द्यायची, हे सगळं एकाच पत्रात कसं मावतं याचा शोध घेतला की भक्ती आणि राग दोन्ही आपोआप मागे पडतात.

पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपल्याला चर्चा करायची असेल आणि त्यासाठी हे पत्र प्रसिद्ध करणं लांबणीवर टाकायला हवं असेल तर तार करा, मी आनंदाने थांबेन, अशा अर्थाचं. एका मुलाने ते पकडलं. म्हणाला, मग हे पत्र एकट्या आयर्विनला नाहीच. बरोबर. आयर्विनने सचिवाकरवी चार ओळींचं उत्तर पाठवलं, खेद व्यक्त केला, विषय संपवला. पत्र 'यंग इंडिया'त छापलं गेलं, १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. समोरच्या एका माणसाशी अदबीने बोलत असताना मागे उभ्या असलेल्या लाखोंनाही ऐकू जाईल असं लिहिणं किंग यांनीही केलं. ते आठ धर्मगुरू वळले की नाही याची वाट न पाहता त्यांचं पत्र काही महिन्यांत 'द अटलांटिक'सारख्या मासिकापर्यंत पोचलं होतं. मुलांनी ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली की त्यांना ॲनाफोराचं नाव सांगायची घाई उरत नाही. नाव येतं, पण गरज पडेल तिथेच.

फ्लॉरेन्स केली यांचं १९०५ सालचं फिलाडेल्फियातलं भाषणही मी घेते. रात्रपाळीत गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलींविषयी त्या बोलतात, आणि समोर बसल्या आहेत मताधिकाराच्या चळवळीतल्या बायका, ज्यांतल्या बहुतेकींना मत देण्याचा हक्कच नाही. हक्क नसलेल्यांना कायदा बदलायला कसं सांगायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन मुलांनी ते वाचलं तरी पुरे.

वर्षाचा दुसरा भाग स्वतःचं म्हणणं मांडायचा. इथे अडचण निराळी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मतं नसतात असं अजिबात नाही. मतं ठाम असतात, त्यांच्या मागे उभं करायला माणसं मात्र तीच ती. रोझा पार्क्स, एडिसनचा दिवा, हिटलर. २०१९च्याच परीक्षेत वादलेखनाचा प्रश्न होता, अवाजवी महत्त्व मिळालेल्या एखाद्या गोष्टीबद्दल लिहा. सरावाला तो दिला की पन्नास निबंध 'कॉलेजची पदवी' आणि 'सोशल मीडिया' यांवर येतात, आणि सगळ्यांत वाक्यं अदलाबदल करता येतील अशी. मी सांगते, तुम्ही स्वतः पाहिलंय ते आणा. एका मुलीचे वडील ट्रक चालवतात. तिने वेळेवर पोचण्याच्या अतिरेकी कौतुकावर लिहिलं, गोदामाबाहेर तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या ड्रायव्हरचा वेळ कोणीच कसा मोजत नाही ते दाखवलं. असा पुरावा कुठल्याही यादीत मिळत नाही.

पुरावा आणला म्हणजे झालं, असंही नसतं. स्टीफन टूलमिन यांनी १९५८ सालच्या पुस्तकात वादाची जी मांडणी केली तिचा इथे फार उपयोग होतो. दावा असतो, आधार असतो, आणि या आधारावरून त्या दाव्याकडे जायची परवानगी देणारं एक गृहीतक असतं, जे बहुतेक वेळा बोललं जात नाही. मुलांच्या वहीत मी समासात 'मग?' एवढंच लिहिते. आधार दिलास, मग? त्यावरून हे कसं निघालं? पानभर 'मग?' पाहून मुलं वैतागतात; पण चार गुणांचं जे भाष्य, ते या 'मग'च्या उत्तरातच असतं.

विरुद्ध बाजूच्या बाबतीत मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाचा नियम वापरते. समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडा, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं त्याने कबूल केल्याशिवाय स्वतःचं बोलू नका. शाळेत फोनवर बंदी असावी का, यावर आमचा वर्ग तापला होता. बंदीला विरोध करणाऱ्या एका मुलाला बंदी मागणाऱ्या मुलीची बाजू मांडायला सांगितली. पहिल्या खेपेला त्याने तिची टर उडवली, दुसऱ्या खेपेला निम्मं वगळलं. तिने दोन्ही वेळा मान हलवून नकार दिला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, 'हिचं म्हणणं असं, की फोन माझ्या हातात असला तरी लक्ष हिचं विचलित होतं, आणि त्याबद्दल हिला कोणी विचारत नाही.' ती म्हणाली, 'हो, हेच.' त्यानंतर त्याने लिहिलेला निबंध बंदीच्या विरोधातच होता, पण दावा आकसला होता, नेमका झाला होता, आणि म्हणूनच खोडायला अवघड होता.

आपल्याकडे हे नवीन नाही. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडायचा नाही, ही शिस्त आपल्या शास्त्रग्रंथांत शतकानुशतकं चालत आली. पण मी ज्या वक्तृत्व स्पर्धांत वाढले तिथे तिची सावलीही नव्हती. टाळ्यांची वाक्यं पाठ असायची आणि प्रतिपक्ष हा चिरडण्यासाठीच असायचा. मुलांच्या आवाजाला धार येते, विचाराला येत नाही, हे माझं त्या स्पर्धांविषयीचं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही.

इथल्या मराठी पालकांना माझं काम कधी कधी वेगळ्याच कारणाने खुपतं. पालकसभेला एक गृहस्थ म्हणाले, 'ताई, व्याकरण पक्कं करून घ्या, पाच श्रेणी आली पाहिजे. पण तुम्ही तिला वाद घालायला शिकवलंय, घरी प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारते.' मी त्यांना म्हटलं, 'तिला सांगा, आधी बाबांची बाजू बाबांना पटेल अशी मांड, मग तुझी.' काही महिन्यांनी त्यांनी फोन केला. मुलीला दूरच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिने आधी आईवडिलांच्या सगळ्या काळज्या एक एक करून मोजून दाखवल्या होत्या. त्या आम्ही कधी बोलूनही दाखवल्या नव्हत्या, ते म्हणाले. निर्णय काय झाला ते मी विचारलं नाही.

आता मशीनने लिहिलेले निबंधही येतात. ते शुद्ध असतात, गुळगुळीत असतात, दोन्ही बाजूंना समान जागा देतात आणि कोणालाच उद्देशून नसतात. मे २०२५पासून परीक्षा संगणकावर गेली, तरी माझ्या वर्गात पहिला विचार वहीत, हाताने आणि वर्गात बसूनच होतो. मुलांनी एका खऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहावं यासाठी दुसरा उपाय मला दिसत नाही.

वर्षाच्या शेवटी, परीक्षा झाल्यावर, मी बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' घेते. ते परीक्षेसाठी नसतं. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६च्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं आणि काही भाग गाळायची मागणी केली. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं ते सवर्ण सुधारक होते, म्हणजे पुन्हा भली माणसंच. जात म्हणजे नुसती श्रमविभागणी आहे, हे त्यांचं म्हणणं बाबासाहेब आधी समोर ठेवतात, सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागतेच हे मान्य करतात, आणि मग दाखवतात की इथे श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी झाली आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांच्याकडे शिकले ते आमच्यापासून फार लांब नाही, आणि ड्यूईंचा उल्लेख या भाषणात कृतज्ञतेने येतो, हेही मुलांना सांगते.

गांधीजींनी 'हरिजन'मधून भाषणावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर छापलं. भारताशी काहीही संबंध नसलेल्या एका मुलीने विचारलं, आपल्या पुस्तकात विरोधकाला जागा कशाला दिली? वर्ग बराच वेळ त्यावर बोलत राहिला. शेवटी एक जण म्हणाला, कारण दोन्ही वाचल्यावर वाचक कुठे जाईल याबद्दल त्यांची खात्री होती.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. परीक्षेच्या धबडग्यातून दोन तासिका काढा, गांधीजींची टीका आणि बाबासाहेबांचं उत्तर मुलांपुढे एकत्र ठेवा, आणि कोण बरोबर हे विचारायच्या आधी कोण कोणाशी बोलतंय हे विचारा. मजकूर शोधावा लागणार नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पहिल्याच खंडात तो आहे.